कूस बदलली की खोली फिरते

कान-नाक-घसा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी ६३ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वी एका पहाटे उजव्या कुशीवर वळले आणि सगळी खोली गरकन फिरली. गादीची कड घट्ट धरून पडून राहिले. अर्ध्या मिनिटात थांबलं, पण पुन्हा वळले की पुन्हा तेच. रक्तदाब, साखर सगळं तपासून झालं. मानेचा एक्स-रे काढला, मणक्यात झीज आहे म्हणून पट्टा मिळाला आणि चक्करेच्या गोळ्या तीन महिने चालल्या. शेवटी एका कान-नाक-घसा तज्ज्ञांनी मला पलंगावर आडवं केलं, मान इकडून तिकडे वळवली आणि पाच मिनिटांत बरं वाटलं. आठ महिन्यांनी ते परत आलं, पुन्हा तसंच केलं, पुन्हा गेलं. आता गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा झालं. तेव्हापासून मी तीन उशा लावून जवळजवळ बसूनच झोपते. उजव्या कुशीवर चुकूनही वळत नाही. वरच्या फळीवरचं काही काढत नाही, वाकत नाही, मागून कुणी हाक मारली तर मान न वळवता सगळं अंगच वळवते. एवढं करूनही धास्ती जात नाही. हे पुन्हा येऊ नये म्हणून काय करू? रोज व्यायाम करावेत का? गोळी चालूच ठेवावी का?

उत्तर : बाई, त्या तीन उशांतल्या दोन आज रात्रीच काढून ठेवा. बाकीचं सावकाश सांगते.

तुमच्या आजाराला डॉक्टर बीपीपीव्ही म्हणतात. जिवाला धोका नसलेली, झटक्यात येणारी आणि डोक्याची स्थिती बदलली की सुरू होणारी चक्कर, असा त्या लांबलचक नावाचा अर्थ. आपल्या आतल्या कानात युट्रिकल नावाची एक इवलीशी पिशवी असते. तिच्यात जेलीसारख्या थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे हजारो सूक्ष्म कण चिकटलेले असतात. संगमरवर ज्याचा बनतो तोच हा पदार्थ. या कणांच्या वजनामुळे मेंदूला खाली कुठे आणि वर कुठे हे कळतं. पिशवीच्या शेजारी तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांचं काम वेगळं, डोकं फिरतंय की नाही एवढंच सांगायचं. पिशवीतले काही कण सुटतात आणि घरंगळत एखाद्या नलिकेत जाऊन पडतात, तिथून सगळा घोळ सुरू होतो. बहुतेक वेळा ही मागची नलिका असते, कारण ती सगळ्यात खालच्या पातळीला येते. तुम्ही कूस बदलता, कण नलिकेत घसरतात, सोबत आतला द्राव ओढतात आणि मेंदूला निरोप जातो की आपण गरगर फिरतोय. कण तळाला जाऊन बसले की निरोप थांबतो. म्हणूनच तुमची खोली अर्ध्या मिनिटात स्थिर होते.

हे मला पुस्तकापेक्षा पेशंटच्या डोळ्यांनी जास्त शिकवलं. पेशंटला बसवायचं, मान संशयित कानाकडे ४५ अंश वळवायची आणि झटकन मागे आडवं करायचं, डोकं पलंगाच्या पातळीपेक्षा थोडं खाली. मग फक्त डोळ्यांकडे बघत राहायचं. पहिले दोन-चार सेकंद काहीच होत नाही. नवखा डॉक्टर इथेच घाई करतो आणि पेशंटला उठवून बसवतो. थांबलं की बुबुळ हलायला लागतं. ते नुसतं डावी-उजवीकडे हलत नाही. चक्रासारखं स्वतःभोवती, खालच्या कानाच्या दिशेने झटके देतं. पेशंट माझं मनगट पकडतो. झटके वाढतात, मग मंदावतात, पंधरा-वीस सेकंदांत डोळा शांत होतो. त्या डोळ्याकडे पाहिलं की कोणता कान आणि कोणती नलिका हे कळतं, आणि हे कोणत्याही स्कॅनमध्ये दिसत नाही. मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी लंडनमध्ये १९५२ साली ही तपासणी नीट मांडली. आज ७० वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी तुमच्यासारख्या कितीतरी जणांच्या मानेचे एक्स-रे निघतात आणि ही दोन मिनिटांची तपासणी राहून जाते. याचं मला फार वाईट वाटतं. साठीनंतर मानेच्या एक्स-रेत झीज जवळपास प्रत्येकाच्या दिसते. कूस बदलल्यावर खोली फिरण्याचं खापर तिच्यावर फोडायचं कारण नाही.

तुमच्या तज्ज्ञांनी जे केलं ते बहुधा एप्ली मॅन्युव्हर. अमेरिकेतले जॉन एप्ली १९८० पासून हे करून दाखवत होते, पण बराच काळ त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. त्यांचा लेख छापून यायला १९९२ साल उजाडलं. त्यात जादू काही नाही. डोकं एकेक टप्प्याने असं फिरवायचं, की कण नलिकेच्या वळणावरून घरंगळत पुन्हा पिशवीत पडतील.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. परत का येतं? कारण मॅन्युव्हरने आपण पडलेले कण जागेवर नेऊन टाकतो, पण जिथून ते सुटले तो थर काही घट्ट करत नाही. भिंतीचे पोपडे पडले, आपण केर भरला. भिंत ओलीच असेल तर पोपडे पुन्हा पडणार. बरं झालेल्या शंभर जणांतल्या साधारण १५ जणांना वर्षभरात पुन्हा त्रास होतो, आणि पुढच्या काही वर्षांत जवळपास निम्म्यांना. म्हणजे तुम्ही काही चुकलात म्हणून हे तिसऱ्यांदा आलं असं अजिबात नाही. ते अपराधीपण आधी मनातून काढा.

भिंतीसाठी काय करता येतं, तर पहिलं म्हणजे व्हिटॅमिन डी. रक्तातली पातळी तपासली नसेल तर तपासून घ्या. कानातले ते कण कॅल्शियमचेच, आणि शरीरात कॅल्शियमचा कारभार डी सांभाळतं. हा नुसता तर्क नाही. दक्षिण कोरियातल्या आठ रुग्णालयांनी मिळून केलेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. साडेनऊशेच्या आसपास पेशंट होते, सगळ्यांची चक्कर मॅन्युव्हरने बरी झालेली. एका गटात ज्यांची डीची पातळी २० नॅनोग्रॅमच्या खाली होती, त्यांना वर्षभर दिवसातून दोनदा ४०० युनिट व्हिटॅमिन डी आणि ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट दिलं. दुसऱ्या गटाला काहीच दिलं नाही. पूरक दिलेल्या गटात चक्कर परत येण्याचं प्रमाण २४ टक्क्यांनी कमी झालं, आणि ज्यांची पातळी मुळात फार खाली होती त्यांना फायदा जास्त झाला. २४ टक्के म्हणजे खात्री नव्हे. पण या आजारात परत येणं कमी करायला दुसरं कोणतंही औषध एवढंसुद्धा करत नाही.

मात्र एक गोष्ट कळकळीने सांगते. पातळी न बघता, कुणीतरी सांगितलं म्हणून मोठ्या मात्रेच्या गोळ्या महिनोन् महिने घेऊ नका. रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मूतखडा होतो, मळमळ आणि थकवा येतो, आणि मग त्यालाच लोक 'चक्कर' म्हणायला लागतात. मूत्रपिंडाचा त्रास किंवा पूर्वी मूतखडा झाला असेल तर तपासणाऱ्या डॉक्टरांना ते आधी सांगा.

तुमचं वय ६३. मासिक पाळी थांबल्यावर स्त्रियांची हाडं झपाट्याने विरळ होतात, आणि ज्यांची हाडं ठिसूळ त्यांच्यात ही चक्कर जास्त दिसते. तेव्हा हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन केला नसेल तर करून घ्या. समजा तो कानासाठी उपयोगी ठरला नाही, तरी खुब्यासाठी ठरेल.

गोळीचं विचारलंत. चक्करेच्या गोळ्या नलिकेतला एकही कण हलवत नाहीत, आणि सुटणारे कण धरूनही ठेवत नाहीत. फार मळमळ होत असेल तेव्हा मॅन्युव्हर सहन व्हावं म्हणून एखाद-दोन दिवस घ्यायला माझी हरकत नसते. पण महिनोन् महिने घेतल्यावर सुस्ती येते, तोल आणखी बिघडतो, आणि मेंदू स्वतःहून जुळवून घेतो ती प्रक्रियाच मंदावते. सिनारिझिन आणि प्रोक्लोरपेरझिन या जातीच्या गोळ्या वयस्कर माणसाने लांबवल्या तर हातापायांना कंप आणि ताठरपणा येऊ शकतो, अगदी पार्किन्सनसारखा. तुमच्या घरात अशी गोळी अजून चालू असेल तर तुमच्या डॉक्टरांशी बोलून ती थांबवा.

रोजच्या व्यायामांबद्दल : पलंगाच्या कडेला बसून एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर पडण्याचे जे व्यायाम सांगतात, त्यांना ब्रांट-डारॉफ म्हणतात. चक्कर चालू असताना ते काही जणांना उपयोगी पडतात. पण चक्कर गेल्यावर, ती परत येऊ नये म्हणून रोज केले तर फरक पडतो का, हेही तपासून झालंय. पडला नाही. तेव्हा रोज सकाळी स्वतःला गरगरवून घेण्याची शिक्षा नको.

आता तुमच्या उशा. बरं झाल्यावर बसून झोपा, मान हलवू नका, वाकू नका असं पूर्वी आम्हीच सांगायचो. मीही सांगितलंय. नंतर तपासून पाहिल्यावर कळलं की त्याने विशेष काही साधत नाही, आणि आता आमच्या शास्त्राचा सल्ला उलट आहे : बंधनं घालू नका. मान जखडून ठेवली की ती दुखते, डोकं जड होतं, चालताना आत्मविश्वास जातो. हे मी स्वतः अनुभवलंय. काही वर्षांपूर्वी घोटा मोडून मी सहा आठवडे अंथरुणावर होते. दीर्घकाळ पडून राहिल्यावर हे कण सुटण्याची शक्यता वाढते, हे मला पाठ होतं. तरी प्लास्टर निघाल्यावर पहिल्यांदा बुटाची नाडी बांधायला वाकले, वर पाहिलं आणि भिंत माझ्यावर चालून आली, तेव्हा मनात पहिला विचार आला तो मेंदूच्या झटक्याचा. सहकाऱ्याने मला आडवं करून डोळे पाहिले आणि डावा कान सांगितला. दोनदा मॅन्युव्हर करून मी बरी झाले. तरी पुढचे तीन आठवडे मी कुकरचं झाकण काढताना जशी जपते तशी मान वळवत होते. पेशंट मला म्हणायचे, 'डॉक्टर, पुन्हा होईल याचीच भीती वाटते,' आणि मी मान डोलावून पुढे जायची. आता जात नाही.

म्हणून सांगते : एका उशीवर झोपा. दोन्ही कुशींवर वळा, उजव्यासुद्धा. एक मात्र आहे. ज्या कुशीवर झोपायची सवय, तोच कान बिघडलेला असं बऱ्याचदा आढळतं. तुम्ही आयुष्यभर उजवीकडेच झोपत आला असाल तर आता रात्रभर एकाच कुशीवर पडून राहायची सवय मोडा. वळण्यावर बंदी नको, मुक्काम तेवढा एकाच बाजूला नको. सकाळी उठताना आधी कुशीवर या, मग पाय खाली सोडून पलंगाच्या कडेला अर्धा मिनिट बसा, मग उभ्या राहा. रोज चाला. चालता चालता मान डावीकडे, उजवीकडे, वर, खाली करून आजूबाजूचं बघा. फळीवरचं सामान काढा, पहिले काही दिवस एका हाताने भिंत धरून.

आणि चौथ्या वेळेची तयारी करून ठेवा. ही धास्ती मला तिथेच कमी करता येते. एका कागदावर लिहून ठेवा : कान उजवा, मागची नलिका, अमुक तारखेला असं केलं, एवढ्यात बरं वाटलं. (नलिका कोणती ते तुमच्या तज्ज्ञांना विचारून घ्या.) त्यांच्याकडून एकदा स्वतः करायचं शिकून घ्या, मुलीला किंवा शेजारणीला शेजारी उभं करून. उजव्या कानासाठी ते असं असतं. पलंगावर पाय लांब करून बसायचं. आडवं झाल्यावर खांद्याखाली येईल अशी उशी मागे ठेवायची. मान उजवीकडे ४५ अंश वळवायची आणि तशीच झटकन मागे पडायची, डोकं उशीपलीकडे थोडं खाली झुकेल असं. गरगर थांबेपर्यंत आणि वर आणखी अर्धा मिनिट थांबायचं. मग डोकं न उचलता डावीकडे ९० अंश वळवायचं आणि पुन्हा थांबायचं. मग सगळं अंग डाव्या कुशीवर घ्यायचं, नाक जमिनीकडे, पुन्हा थांबायचं. शेवटी हनुवटी छातीशी ठेवून पाय पलंगाच्या डाव्या बाजूने खाली सोडत सावकाश उठून बसायचं. प्रत्येक टप्प्यावर घाई होते आणि तिथेच ते फसतं. कण जड असले तरी द्रावातून सरकायला वेळ घेतात. दोन-तीन दिवस करून उतार पडला नाही तर तपासून घ्या, कारण कण दुसऱ्या नलिकेत असू शकतात.

बरं झाल्यावर काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे, पाय तरंगल्यासारखे वाटतात, डोकं हलकं हलकं वाटतं. ते खोली फिरणं नव्हे. मेंदू नव्या हिशेबाला सरावतोय एवढंच. याच दिवसांत लोक घाबरून पुन्हा गोळी सुरू करतात. तुम्ही करू नका.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे आहेत. मधुमेह आणि रक्तदाब दोन्हींची औषधं चालू आहेत. रात्री उठताना घेरी येते म्हणतात. सहा महिन्यांत दोनदा पडले, दुसऱ्या वेळी मनगट मोडलं. एका ठिकाणी 'कानातले खडे सरकलेत' असं सांगितलं. एमआरआय करावा का? आई म्हणते त्यांना उठूच द्यायचं नाही.

उत्तर : आईंना माझ्याकडून सांगा, काळजी पोचते, पण वडिलांना अंथरुणात ठेवू नका. पडून राहिल्याने स्नायू जातात, हाडं जातात, आणि कानातले कणही जास्त सुटतात.

आधी एक गोष्ट वेगळी करायला हवी. वडिलांना विचारा, आडवं होताना आणि झोपेत कूस बदलतानाही खोली फिरते का? फिरत असेल तर कानाकडे बोट जातं. फक्त उभं राहिल्यावरच डोळ्यांपुढे अंधारी येते, बसलं की बरं वाटतं, असं असेल तर रक्तदाब उभं राहताना खाली येतोय का ते पाहायला हवं. हे घरी करता येतं. पाच मिनिटं आडवं झोपवून मशीनवर रक्तदाब घ्या, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी घ्या. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त खाली आला तर ते आकडे लिहून त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. औषधाची मात्रा किंवा वेळ बदलावी लागेल. ती मनाने बदलू नका. या वयात दोन्ही गोष्टी एकाच माणसात असणंही मी कितीदा पाहिलंय, म्हणून एक सापडली की दुसरीचा शोध थांबवू नका.

एमआरआय : आडवं करून केलेल्या तपासणीत डोळ्यांचे ते ठरावीक झटके दिसले आणि मॅन्युव्हरने चक्कर गेली, तर गरज नाही. पण चक्कर डोकं न हलवताही तासन् तास टिकली, बोलणं जड झालं, एकाचे दोन दिसायला लागले, तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, आधाराशिवाय दोन पावलंही टाकता येईनात, अचानक एका कानाने ऐकू येणं बंद झालं किंवा आयुष्यात कधी नव्हतं असं डोकं दुखलं, तर मॅन्युव्हरच्या भानगडीत न पडता थेट रुग्णालयात न्या. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या माणसाच्या घरात हे सगळ्यांना माहीत असलं पाहिजे.

मनगट मोडलंय म्हणजे हाडांची घनता मोजणं टाळू नका. पुरुषांची हाडं तपासायचं कुणाच्या मनातही येत नाही आणि मग खुबा मोडतो. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवा, वाटेतलं पायपुसणं उचला, पलंगाजवळ धरायला काहीतरी घट्ट हवं. उठताना आधी कडेला बसून मिनिटभर पाय हलवायचे, मगच उभं राहायचं. मॅन्युव्हर त्यांना घरी करू नका. या वयात मानेच्या मणक्यांची आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांची स्थिती बघून, दोन माणसांनी धरून ते करायचं असतं. मान मागे झुकवता येत नसेल तर नुसत्या कुशीवर झोपवून करण्याच्या पद्धतीही आहेत. सेमॉ नावाची त्यातली एक फार उपयोगी आहे.

प्रश्न : मी ३८ वर्षांची आहे, मायग्रेनचा जुना त्रास. वर्षापूर्वी अशी चक्कर आली होती. तेव्हापासून व्हिडिओत पाहिलेलं एप्ली मॅन्युव्हर मी खबरदारी म्हणून रोज रात्री दोन्ही बाजूंनी करते. चालेल ना?

उत्तर : नको. थांबवा. चक्कर नसताना केलं तर आत हलवायला काही नसतं, आणि कण असतील तर चुकीच्या बाजूने, चुकीच्या क्रमाने केल्यावर ते मागच्या नलिकेतून आडव्या नलिकेत जाऊ शकतात. मग दोन्हीकडे वळलं तरी फिरतं, जास्त वेळ फिरतं, आणि त्याला एप्ली उपयोगी पडत नाही. पूर्ण अंग गोल वळवून घेण्याची किंवा गुफोनी नावाची वेगळीच पद्धत लागते.

तुमच्या बाबतीत मला दुसरीही शंका आहे. मायग्रेन असणाऱ्यांना कण सुटण्याचा त्रासही जास्त वेळा होतो, पण मायग्रेनची स्वतःची एक चक्कर असते. ती काही मिनिटांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत चालते, उजेड-आवाज सहन होत नाही, आणि डोकं दुखेलच असंही नाही. पुढच्या वेळी चक्कर आली की घड्याळ बघा. किती सेकंद टिकली, कोणत्या कुशीवर वळताना आली, त्या दिवशी झोप कमी झाली होती का, पाळीच्या आसपासचा दिवस होता का, हे लिहून ठेवा. अशी चार-पाच टिपणं असली की माझ्यासारखीला अर्धं निदान हातात मिळतं. जमलं तर घरच्या कुणाला तरी चक्कर चालू असताना तुमच्या डोळ्यांचा मोबाइलवर जवळून व्हिडिओ काढायला सांगा, डोळे उघडे ठेवून, समोर बघत. दवाखान्यात पोचेपर्यंत डोळे शांत झालेले असतात. असा वीस सेकंदांचा व्हिडिओ मला पानभर वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

प्रश्न : पुढच्या आठवड्यात दाताचं रूट कॅनल आहे. मागच्या वेळी दाताच्या खुर्चीतून उठल्यावरच चक्कर सुरू झाली होती. पुढे ढकलू का?

उत्तर : दात ढकलू नका. दंतवैद्यांना आधीच सांगा की मान फार मागे टाकून बराच वेळ पडून राहिल्यावर तुम्हाला हा त्रास होतो. खुर्ची पूर्ण आडवी न करता अर्धवट झुकवून काम करता येतं. मानेखाली छोटी उशी घ्या, काम लांबणार असेल तर दोन भेटींत विभागून मागा, आणि मध्ये एकदा उठून बसा. संपल्यावर खुर्ची सरळ झाली तरी लगेच उतरू नका, मिनिटभर बसा. त्या दिवशी स्वतः गाडी चालवत जाऊ नका, सोबत कुणीतरी असू द्या. केस कापून घेताना मागे मान टाकून डोकं धुवायची वेळ आली तर तिथेही हेच. पुढे वाकून धुवायला सांगा.